खुन्याचं मन आणि कागदाची हद्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनावर तुम्ही कादंबरी लिहिताय. त्यांचे काका रघुनाथराव यांची प्रकरणं लिहिता लिहिता काकांची बाजू तुम्हाला उमगत गेली, आणि हस्तलिखित वाचणारे आता म्हणतात की तुम्ही खुन्याची कड घेतलीत. दुष्टाला समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं का, असं तुम्ही विचारलंय. आणि त्याला जोडूनच दुसरं: कागद जिथं गप्प बसतात, तिथं कादंबरीकारानं किती बोलायचं?

पहिल्याबद्दल माझं मत तुमच्या वाचकांच्या अगदी उलट आहे. गुन्हेगाराचं मन जितकं खोलवर कळत जातं, तितका त्याचा दोष वाढतो. राक्षसाला दुसरं काही करताच येत नाही. तो तसाच जन्मला, मग त्याला जाब काय विचारायचा? जाब माणसाला विचारता येतो, कारण त्याच्यापुढं दुसरी वाट असते आणि ती त्याला दिसतही असते. खलनायकाला डोक्यापासून पायापर्यंत काळं फासणारा लेखक त्याला नकळत मोकळा सोडून देत असतो. वाचकही निर्धास्त होतो, कारण आपण काही असे नाही याची त्याला पहिल्या पानापासून खात्री असते.

रघुनाथरावांचंच घ्या. १७५८ मध्ये त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या, तिथून पुढं अटकेपर्यंत गेल्या. मराठी माणूस आजही ज्याचा अभिमान सांगतो ती मोहीम या माणसाच्या नावावर आहे. तीनच वर्षांनी पानिपत झालं, थोरला भाऊ, पेशवा नानासाहेब, खचून मरण पावला आणि पेशवाईची वस्त्रं सोळा वर्षांच्या पुतण्याला मिळाली. काकांच्या मनात काय झालं असेल, हे समजायला फार मोठी प्रतिभा लागत नाही. १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन त्या पुतण्याला, म्हणजे माधवरावांना, आळेगावला नमवलं. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघं काका-पुतणे त्याच निजामाविरुद्ध एकत्र लढले आणि जिंकले. १७६८ मध्ये धोडपला काका हरले आणि कैदेत पडले. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. मागं राहिले त्यांचे सतरा वर्षांचे धाकटे भाऊ नारायणराव. काही महिन्यांत काका पुन्हा नजरकैदेत.

इथपर्यंत मी रघुनाथरावांबरोबर चालू शकतो. पराक्रमी माणूस, कर्जात बुडालेला, ज्याला दोनदा डावललं गेलं, ज्याला आपल्या मुलाच्या वयाच्या पोराच्या पहाऱ्यात बसावं लागलं. त्याचा संताप, त्याचा अपमान, त्याच्या दालनाबाहेर रोज बदलणारे पहारेकरी, सगळं लिहा. कंजुषी करू नका. वाचकाला त्याची कीव आली पाहिजे, तो एखादवेळी त्याच्या बाजूनं झाला पाहिजे.

मग ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारी या. पगार थकलेले गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, शनिवारवाड्यात घुसले. पुढं काय झालं याची जी हकीकत ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापली, ती मी पुन्हा पुन्हा वाचत आलोय. जीव वाचवायला पळत सुटलेले नारायणराव काकांच्या खोलीत शिरले आणि त्यांच्या गळ्यात पडले. काकांनी मध्ये पडून त्यांना सोडायला सांगितलं असंही तो नोंदवतो. त्यावर गारद्यांचा नायक सुमेरसिंग यानं बजावलं, मी इथवर आलोय ते स्वतःचा नाश करून घ्यायला नाही, याला सोडा, नाहीतर तुम्हीही याच्याबरोबर मराल. आणि रघुनाथरावांनी पुतण्याची मिठी सोडवली. ते बाहेर गच्चीवर गेले.

त्यानंतर त्याच खोलीत एक माणूस धावत आला. चापाजी टिळेकर, नारायणरावांचा खिदमतगार. हातात शस्त्र नव्हतं. त्यानं धन्याला कवटाळलं आणि दोघंही तलवारीखाली गेले.

मला वाटतं तुमच्या सगळ्या कादंबरीचा कणा इथं आहे. एकाच खोलीत, काही क्षणांच्या अंतरानं, एका मिठीचे दोन निकाल लागले. ज्याच्या पाठीशी अटकेची कीर्ती होती त्यानं हात सोडवले, आणि ज्याचं नाव बहुतेक मराठी वाचकांना आठवतही नाही त्यानं ते गुंफले. टिळेकर नसते तर आपण म्हणू शकलो असतो की त्या क्षणी कुणीही तेच केलं असतं, जिवाची भीती कुणाला नसते. टिळेकरांनी ती पळवाट कायमची बंद केली. दुसरं काही करणं माणसाला शक्य होतं, हे त्यांनी त्याच जागी, त्याच तलवारींसमोर दाखवून दिलं. रघुनाथरावांची सगळी बाजू तुम्ही मन लावून मांडली असेल, तरच वाचकाला त्या सुटलेल्या हातांचा अर्थ कळेल. आधीपासून दुष्ट ठरवलेल्या माणसानं हात सोडवले तर त्यात नवल कसलं?

याच कारणासाठी ‘ध’ चा ‘मा’ या गोष्टीपासून सावध राहा. ‘धरावे’ लिहिलेल्या हुकमात रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘मारावे’ असा फरक केला, ही कथा आपल्याकडं म्हणीसारखी वापरली जाते. तो बदल त्यांनीच केला असं लोक सर्रास मानतात, हे ग्रँट डफनंही लिहिलंय, पण लोक मानतात आणि कागद सांगतो यांत अंतर आहे. त्या हुकमाची अस्सल प्रत छापील साधनांत मला कुठंही भेटलेली नाही. ही कथा इतकी का टिकली याचा मी पुष्कळ विचार केलाय. तिच्यामुळं सगळ्यांची सोय होते. अटकेच्या वीराच्या हातून फार तर एक पुतण्या ‘धरण्याचा’ गुन्हा उरतो, आणि खुनाचं ओझं घरातल्या बाईच्या बोटावर जातं. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण एवढ्या पुराव्यावर एखाद्या बाईला दोन शतकं खुनी म्हणत राहणं, हाही एक अन्यायच आहे, आणि तो नाटक-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी अधिक घट्ट केलाय. शिवाय ती कथा खरी धरली तरी पगार थकलेले हत्यारबंद लोक एका अठरा वर्षांच्या मुलाला ‘धरायला’ धाडणाऱ्याची जबाबदारी कमी होते का? न्यायाधीश रामशास्त्र्यांच्या लेखी ती झाली नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांवर मराठी वाचकाचा फार जीव आहे, आणि तो योग्यच आहे. खुनाला प्रायश्चित्त काय, या प्रश्नाला त्यांनी रघुनाथरावांच्या तोंडावर सांगितलं की देहान्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही. त्यांनी पुणं सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढं बारभाईंच्या, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांच्या, राज्यात ते परत आले. पण त्यांच्या सत्याची किंमत कळायची असेल तर शेजारी दुसरं उदाहरण ठेवावं लागतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर कायम औरंगजेबाचा भाऊ मुराद येतो.

१६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मुरादचा शिरच्छेद झाला. औरंगजेबानं त्याला सरळ मारून टाकलं नाही. मुरादनं काही वर्षांपूर्वी आपला दिवाण अली नकी याला ठार केलं होतं. त्या दिवाणाच्या मुलांना खुनाबद्दल खुनाची मागणी करण्याचा कायद्यानं हक्क होता. थोरल्या मुलानं तशी मागणी करायला नकार दिला. दुसऱ्यानं केली. फिर्याद झाली, काझीनं निवाडा दिला, शिक्षेची अंमलबजावणी झाली. सिंहासनाला धोका असलेला भाऊ संपला, आणि कागदोपत्री बघाल तर एका मेलेल्या दिवाणाच्या घराला न्याय मिळाला. याच्या दोन वर्षं आधी दारा शुकोहला मारलं, तेव्हाही धर्मशास्त्राच्या जाणकारांचा निर्णय हाताशी होता.

हा तपशील मला एखाद्या रणातल्या कत्तलीपेक्षा अधिक हादरवतो. आपल्याकडं खलनायक रंगवताना त्याला व्यसनी, बाईलवेडा, चैनी करण्याची सवय आहे. औरंगजेब यातलं काहीच नव्हता. त्याची राहणी साधी होती, तो नेमानं नमाज पढे, स्वतःच्या हातानं कुराणाच्या नकला करत असे, आणि खुलताबादला त्याची कबर उघड्यावर आहे, साधी. ज्यानं ११ मार्च १६८९ रोजी संभाजीराजांना हालहाल करून मारवलं, तोच हा माणूस. त्याच्या क्रौर्याचा उगम त्याच्या वासनांत शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आपण करतोय ते बरोबरच आहे याची अढळ खात्री आणि त्या खात्रीला पाठिंबा देणारा कायदा, या दोन गोष्टी त्याच्याकडं होत्या. लिहिणाऱ्यानं हे धैर्यानं लिहिलं पाहिजे. संयमी, कष्टाळू, धार्मिक माणूस भयंकर गोष्टी करू शकतो, आणि त्याचा संयमही त्या कामाला लागतो.

आता अली नकीचा तो थोरला मुलगा बघा. त्यानं फक्त मागणी करायचं नाकारलं. बादशहाला काय हवंय हे त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. आपल्या बापाच्या खुन्याला मारायची संधी चालून आली होती, वर दरबाराची मर्जी मिळणार होती, तरी तो नाही म्हणाला. इतिहासात त्याच्याबद्दल जवळजवळ एवढंच आहे. त्यालाच पुढं बादशहानं बक्षीस दिलं, ही आणखी एक विलक्षण गोष्ट. मोठ्या माणसांवर हजारो पानं लिहिली गेली, आणि माणसाच्या स्वभावाचं असं काही एका ओळीत कुठंतरी पडून राहतं. रामशास्त्री आणि हा अनाम मुलगा यांना मी एका पंगतीत बसवतो. दोघांकडं अधिकार आणि संधी होती, आणि राज्यकर्त्याला हवं ते उत्तर दोघांनीही दिलं नाही.

त्या दुपारच्या आणखी एका माणसाकडं तुमचं लक्ष वेधतो. घातपाताची कुणकुण नारायणरावांना लागली होती आणि त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं होतं. हरिपंतांनी तो लगेच केला नाही, आधी ते जेवायला गेले. त्यांच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं, पुढं त्यांनी नारायणरावांच्या वंशासाठी जन्म वेचला. तुमच्या हस्तलिखितात हे दोन ओळींत उरकलं असेल तर तेवढं पुरे, फक्त गाळू नका.

सत्याबद्दल बोलायचं तर संभाजीराजांचं उदाहरण आपल्या धंद्यातल्या प्रत्येकानं समोर ठेवावं. कित्येक पिढ्या मराठी रंगभूमीनं आणि कादंबरीनं त्यांना व्यसनी, बेताल, बापाच्या कीर्तीला बट्टा लावणारा असं उभं केलं. या चित्राचा एक मोठा आधार होता मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ती लिहिली गेली संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आणि लिहिणारा कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला, त्यांचा वंशज. मल्हार रामरावांनी जाणूनबुजून खोटं लिहिलं असं मला म्हणायचं नाही. घरात पिढ्यानपिढ्या जे दुःख सांगितलं गेलं, ते त्यांनी कागदावर उतरवलं असावं. पण पुढच्या लेखकांनी कागदाला जात असते, घर असतं, जखम असते, हे विचारातच घेतलं नाही. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे चाळीस वर्षं कागद शोधत राहिले तेव्हा १९६० मध्ये त्यांनी लिहिलेलं संभाजीराजांचं चरित्र आलं आणि चित्र पालटलं.

त्यानंतर जे झालं तेही मला त्रास देतं. एका माणसावरचा कलंक पुसताना तो दुसऱ्या कुणाच्या तरी कपाळी लावायची घाई झाली. राजे पकडले गेले म्हणजे कुणीतरी फितूर असलाच पाहिजे, तो आतलाच असला पाहिजे, त्याला नाव असलं पाहिजे. पुराव्यापेक्षा कथानकाला त्याची गरज होती. गद्दार सापडला की पराभव सोपा होतो. चौक्या ढिल्या पडणं, शत्रूच्या सरदारानं अवघड घाटवाटांनी वेगानं चालून येणं, थकलेली फौज, नऊ वर्षं एकाच वेळी अनेक आघाड्यांवर चाललेलं युद्ध, यांतलं काही मग लिहावं लागत नाही.

आणि आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. पेशवे दफ्तरातले वेचे इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० पासून पंचेचाळीस भागांत छापले गेले. न छापलेले रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, तर अगणित आहेत. मोडी वाचता येऊ लागली की माणूस आधी लढाया शोधतो, मग कारस्थानं. पण या कागदांत कुणबिणी आणि बटकीही आहेत. विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, सरकारी कोठीत आणि कारखान्यांत कामाला लावलेल्या बायका. बदकर्माचा आरोप आला म्हणून सरकारजमा झालेल्याही. त्यांची किंमत लिहिलेली असते, जनावरांची आणि भांड्यांची लिहिलेली असते तशीच, त्याच सुबक वळणात. कारकुनाचा हात कुठं थरथरलेला दिसत नाही. तो थरथरण्याचं कारणच त्याला माहीत नव्हतं.

ज्या शहरात रामशास्त्र्यांनी पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सुनावलं, त्याच शहरात हा जमाखर्च चालू होता. खुनाच्या रात्री पुणं हादरलं. या बायकांच्या खरेदीविक्रीनं ते एकदाही हादरलं नाही. दुष्टपणाबद्दल लिहायचंय म्हणता ना, मग यातल्या कुठल्या गोष्टीत तो जास्त होता याचा विचार करा. ‘त्या काळी तसंच चालायचं’ हे वाक्य मला पटत नाही. रघुनाथरावांना राक्षस म्हणून मोकळं करतो तसंच या वाक्यानं आपण अख्ख्या समाजाला मोकळं करतो. याच दफ्तरात काही कुणबिणींना सोडून दिल्याच्या नोंदीही आहेत. सुटका ही मागण्यासारखी आणि देण्यासारखी गोष्ट आहे, हे मागणारीला ठाऊक होतं आणि देणाऱ्यालाही. म्हणजे दुसरी वाट तेव्हाही दिसत होती. तुमच्या कादंबरीतल्या भल्या माणसांच्या घरांत पाणी कोण भरतं, मुलांना कोण सांभाळतं, हे एकदा तपासा. तिथं कुणी बाई असेल तर तिला नाव द्या. तुमचा नायक तिच्याशी कसा बोलतो, किंवा बोलतच नाही, हे दाखवा. त्यानं तो नायक लहान होईल अशी भीती बाळगू नका.

कागद गप्प असतात तिथं किती बोलायचं, याबद्दल मी स्वतःपुरत्या काही हद्दी आखून घेतल्या आहेत. खऱ्या माणसाच्या नावावर मी कागदात नसलेला गुन्हा घालत नाही, आणि असलेला पुसत नाही. मेलेल्याला आपली बाजू मांडायला येता येत नाही, म्हणून हे बंधन जिवंत माणसापेक्षा त्याच्या बाबतीत जास्त कडक पाळावं. मनातले विचार लिहितो, पण त्या माणसाच्या पत्रांत ज्या गोष्टींची काळजी दिसते त्यांच्याभोवतीच. कर्जाचा हिशोब मांडत राहणारा माणूस रात्री जागा असेल तर कर्जाचाच विचार करेल, विश्वाच्या अर्थाचा करणार नाही. दोन साधनांत दोन हकीकती असतील तर एक निवडतो आणि शेवटपर्यंत तिच्याशी राहतो. या प्रसंगाला ही रंगते, त्या प्रसंगाला ती, असं केलं की पात्राचा स्वभाव फाटतो. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी मी वापरली नसती. ती खोटी आहे असं ठासून सांगता येणार नाही, पण वाचकाच्या कानात ती आधीच इतकी घुमतेय की तिच्या आवाजात खोलीतलं बाकी काही ऐकू येणार नाही, आणि मिठी सुटण्याचा क्षण तर नक्कीच हरवेल.

खुनाच्या रात्री कादंबरी संपवू नका असंही सुचवेन. रघुनाथराव त्यानंतर दहा वर्षं जगले. पेशवाईची वस्त्रं मिळाली, पण १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांना मरणोत्तर मुलगा झाला आणि बारभाईंनी त्या तान्ह्याच्या नावानं कारभार हाती घेतला. अटकेच्या वीराला १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांच्या फौजेसाठी साष्टी आणि वसई देऊ करावी लागली. १७८२ चा सालबाईचा तह झाला तेव्हा इंग्रजांनीही त्यांचा पक्ष सोडला. १७८३ मध्ये कोपरगावला ते वारले. या वर्षांत नाट्य कमी आहे. छावण्या, पैशाच्या मागण्या, मुंबईकर इंग्रजांची उडवाउडवीची उत्तरं. पण हात सोडवल्यानंतर माणूस कसा जगतो, कुणाकुणापुढं वाकतो, स्वतःला रोज काय सांगतो, हे त्या कंटाळवाण्या वर्षांतच कळतं. मी ती वर्षं खुनाच्या दुपारइतकीच जागा देऊन लिहिली असती.

तुमच्या वाचकांची तक्रार राहिलीच. तिच्यासाठी पुस्तकाच्या शेवटी दोन-तीन पानं जोडा. त्यांत साध्या भाषेत लिहा की मिठीचा प्रसंग कुणाच्या हकीकतीवरून घेतला, आनंदीबाईंबद्दल काय मानलं आणि का, कुठली पात्रं पूर्णपणे कल्पनेतली आहेत, कुणाच्या तोंडी घातलेली कुठली वाक्यं तुमची आहेत. रघुनाथरावांची प्रकरणं मात्र सौम्य करू नका, आणि ती ‘तोलायला’ म्हणून त्यांच्यावर चार शिव्याही घालू नका. टिळेकरांचं प्रकरण अजून लिहिलेलं नसेल, तर हस्तलिखित प्रकाशकाकडं देण्याआधी ते लिहून काढा. तो माणूस वाड्यात कधी आला, काय काम करायचा, त्या दुपारी कुठं होता, एवढं तुम्हाला कल्पनेनं भरावं लागेल. त्याबद्दल कागद गप्प आहेत, आणि तिथं बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.